धोटेवाल्याची काठी

जागेश्वरची आणि माझी ओळख माझ्या रागामुळे झाली. एकोणीसशे अडुसष्टच्या हिवाळ्यात कामठीच्या मैदानावर मी गोल्फची एक काठी जमिनीवर आपटून मोडली. ती माझी नव्हती, मागून आणलेली होती, हे आणखी वाईट. कन्हानजवळच्या एका कोळसा खाणीत मी नुकताच अधिकारी झालो होतो, आणि ज्याला गोल्फ येत नाही त्याला खाणही चालवता यायची नाही, अशी आमच्या वरिष्ठांची समजूत होती. म्हणून रविवारची झोप मोडून मी तिथं उभा राहायचो. समोर तो एवढासा पांढरा चेंडू, जागचा न हलणारा, कुणीही न टाकलेला. तरी तो मला चुकायचा. क्रिकेटमध्ये निदान गोलंदाजाला शिव्या देता येतात, इथं द्यायच्या कुणाला?

खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारा लहानू मोडके तुकडे गोळा करत म्हणाला, "साहेब, पाचपावलीत जागेश्वर धोटेवाला हाय. तो जोडून देईन."

पाचपावलीच्या गल्लीत त्याचं घर शोधायला कष्ट पडले नाहीत, कारण त्याचा आवाज कोपऱ्यावरूनच ऐकू येत होता. गोल चेहरा, तोंडात पान, आणि स्वतःची तारीफ करताना तसूभरही न लाजणारा माणूस. जात कोष्ट्याची, पण तो मागावर बसत नव्हता. मागावरचे धोटे घडवणं हा त्याचा धंदा. आडवा धागा पोटात घेऊन उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळणारा तो होडीसारखा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. "अर्ध्या पाचपावलीत माहेच धोटे पळत होते," तो म्हणाला. आता माग एकेक करून बंद पडत होते, आणि फावल्या वेळात तो साहेबलोकांच्या काठ्या दुरुस्त करी.

मोडकी काठी त्यानं उलटसुलट पाहिली आणि दुसरी एक माझ्या हातात दिली. "मारून दाखवा."

"इथं? गल्लीत?"

"मंग कोठी? ज्याचा धोटा कराचा त्याले इनताना पाहाच लागते. तुमाले मारताना पाह्यल्याबिगर मी काठी जोडत नाही."

मी मारून दाखवलं. शेजारचे लोक ओट्यांवर येऊन उभे राहिले. जागेश्वरनं डोळे मिटून मान हलवली, वैद्यानं नाडी पाहून हलवावी तशी. "तुमी लय कामाचे मानूस हा साहेब," तो म्हणाला. "इतकं वाईट मारनारा मले पाह्यजेच होता."

मी चिडलोच असतो. पण त्यानं मला आत नेलं आणि कारण सांगितलं. ते कारण घराच्या ओट्यावरच बसलं होतं. त्याचे थोरले भाऊ, मारोतराव. ताठ पाठ, धुतलेली टोपी, मांडीवर रिकामे हात. रेशमी काठाची लुगडी विणण्यात त्यांच्या तोडीचा माणूस नागपुरात नव्हता, हे मला पुढं इतरांनीही सांगितलं. चांगलं सूत मिळेनासं झालं, व्यापारी जाडंभरडं मागू लागले, तेव्हा त्यांनी एक दिवस माग पुसला, त्यावर चादर टाकली आणि उठले. त्या दिवसापासून ते एक वेळ जेवत. तेही अर्धी भाकर. हाताला काम नाही तर ताटावर हक्क नाही, असा त्यांचा हिशेब होता. धाकट्या भावानं किती गयावया केली तरी तो बदलला नाही.

"बायकोपोरं नाही त्यायले. मीच हावो," जागेश्वर आवाज खाली आणून म्हणाला. "एकदा मी म्हटलं, दादा, हे लाकडं घासून द्या. दिवसभर घासले. संध्याकाळी म्हनते कसे, 'कालपरेंत हे तू एकटाच करत होता. मले काय लेकरू समजून राहिला?' दुसऱ्या दिवसापासून ते अर्धी भाकर बी पाव झाली. मले असं काम पाह्यजे साहेब, का जे त्यायच्याबिगर होतच नाही. खोटं काम त्यायले वासानंच समजते."

तसं काम त्याला गोल्फच्या काठीत दिसलं होतं. लाकडी डोक्याच्या काठीची मान, म्हणजे दांडा जिथं डोक्यात शिरतो ती जागा, मेण लावलेल्या धाग्यानं घट्ट बांधावी लागते, नाहीतर ती तडकते. धागा बांधणं म्हणजे मारोतरावांचं काम. पण दुरुस्तीला महिन्यात किती काठ्या येणार? नव्या काठ्या हव्यात, पुष्कळ हव्यात, आणि त्या घेणारे हवेत.

"चांगलं खेळनारे चार, अन् न येनारे चाळीस. अन् काठ्या साऱ्या त्या चौघायसाठी बनते. काहून?"

मग तो रविवारी मैदानाच्या कुंपणाबाहेर बसू लागला. चांगला खेळाडू आला की हा पान लावायला घ्यायचा, आणि माझ्यासारखा आला की पुढं सरकायचा. त्यानं पाहिलं ते असं, की आम्ही नवखे चेंडू काठीच्या डोक्याच्या मधोमध घेतच नाही. टोकावर घेतो नाहीतर बुडाशी घेतो, आणि काठी हातात फिरते. उरलेल्या वेळी जमीन खणतो.

लकडगंजच्या आरामशिनीतून त्यानं तेंदूचं लाकूड आणलं. विडी वळायची पानं देणारं तेच झाड, आतून मात्र दगडासारखं घट्ट. जुन्या काठीचा दांडा घेतला आणि पहिलं डोकं घडवायला बसला. तिथं त्याचा हात चुकला. जन्मभर धोटेच घडवलेले, त्यामुळे सवयीनं त्यानं डोक्याची दोन्ही टोकं सारखी निमुळती केली आणि धोट्याला लावतात तसं दोन्हीकडे पितळही ठोकलं. धोटा दोन्हीकडे पळतो, काठी एकाच बाजूनं मारते, हे काम उरकल्यावर त्याच्या ध्यानात आलं. लहानू पोट धरून हसला. जागेश्वर दोन दिवस घुम्यासारखा बसला. मग त्यानं मला बोलावलं, कारण ती काठी हातात धरायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मी मारलं. नेहमीसारखंच टोकावर बसलं. पण काठी फिरली नाही. दोन्ही टोकांच्या वजनानं ती सरळच राहिली आणि चेंडू उठला, चक्क उठला, आणि समोरच्या बाभळीवरून पलीकडे गेला. त्या वेळी मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. मी त्या पान खाणाऱ्या माणसाला मिठी मारली.

पुढं त्यानं पितळ आणखी खाली नेलं, चेंडूला खालून उचल मिळावी म्हणून तोंड थोडं मागं कलतं केलं, आणि जमिनीत रुतू नये म्हणून पोट धोट्यासारखंच गोल ठेवलं. मारणारा मी, पाहणारा तो. चार-पाच महिने असे गेले. तिकडे मारोतराव वाळत चालले होते. मनगटाची हाडं दिसायला लागली होती. मी ओट्यावरून आत जाताना ते मान हलवून नमस्कार करत, बोलत नसत.

सीताबर्डीवर ईश्वरदास नावाच्या गृहस्थाचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. माणूस रोखठोक. "पूरा नया आदमी मारून दाखवन, तं घेतो मी माल," तो म्हणाला. पूर्ण नवा म्हणून अर्थातच मी. इतके महिने खेळूनही माझी तेवढी लायकी टिकून होती.

रविवारी सकाळी मैदानावर आम्ही जमलो. मी मारत गेलो आणि चेंडू जात गेला. ईश्वरदास खुश दिसत होता. आणि मग कड्‍ असा आवाज झाला, बांधलेला धागा भसकन उलगडला, मान फाटली आणि काठीचं डोकं ईश्वरदासच्या कानाजवळून सणसणत गेलं.

"अरे बाप रे!" तो खाली बसला. उठला तो टोपी झटकत. "ना भाई. यानं शिकनारा मरन नाही तं शिकवनारा. बांध पक्का करून आन, मंग बोलू."

मी जागेश्वरवर तुटून पडलो. चार लोकांसमोर वाट्टेल ते बोललो. इतक्या महिन्यांची मेहनत एका धाग्यापायी मातीत घातलीस, कोष्टी म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही का, असंही बोललो. एरवी एकाला चार सुनावणारा माणूस, पण तो गप्प उभा राहिला. त्यानं ते तुटलेलं डोकं शोधून आणलं, खांद्यावरच्या पंच्यात बांधलं आणि एवढंच म्हणाला, "चाला साहेब, घरी चाला."

घरी त्यानं ते तुकडे मारोतरावांसमोर ठेवले. माझी तोंडाची गिरणी चालूच होती. मारोतरावांनी सुटलेला धागा बोटांत धरला, वेढे जिथं घसरले होते ती खूण पाहिली. बराच वेळ पाहिली. मग भावाकडे मान वर करून बघितलं.

"हे कोनं बांधलं?"

"म्या बांधलं, दादा."

"कोरडा धागा. अन् वेढ्यावर वेढा. बापानं तुले हेच शिकवलं काय गा?"

मारोतराव उठले. त्यांनी अनुसयेला, म्हणजे जागेश्वरच्या बायकोला, ऐकू जाईल अशा बेतानं हाक न मारताच सांगितलं, "घरात खळ असन तं गरम करा." खळीत धागा भिजवला, मेण चोळलं, आणि जागेश्वरनं जोडून दिलेल्या मानेवर ते एकेक वेढा ओढून बसवू लागले. प्रत्येक वेढा मागच्याला चिकटून, त्यावर चढत नाही, त्यापासून सुटतही नाही. हात वाळून गेले होते, पण धागा हलत नव्हता. मी ओरडायचं कधी थांबवलं मला आठवत नाही.

आठवड्यानं ईश्वरदास पुन्हा आला. मी दिवसभर मारलं. मान सुटली नाही. त्यानं तिथंच पहिला माल सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेश्वर सायकल मारत थेट माझ्या कचेरीत आला. "साहेब, दादा काल दोन भाकरी जेवले," एवढं सांगितलं आणि शिपायासमोर, कारकुनांसमोर, पोरासारखा रडला.

पुढची दहा-बारा वर्षं त्या घराला बरी गेली. जागेश्वर डोकी घडवी, मारोतराव माना बांधत. 'शिकाऊ काठी' म्हणून ईश्वरदास ती विके. जबलपूरला गेली, पचमढीला गेली. मी स्वतः त्याच काठीवर शिकलो आणि पुढं बरा खेळू लागलो, तरी तीच वापरत राहिलो. मारोतरावांनी मैदान कधी पाहिलं नाही. "धागा पाह्यला का झालं," म्हणायचे. मग ऐंशीनंतर बाहेरून धातूच्या डोक्याच्या काठ्या येऊ लागल्या. त्यांच्या मानेला धागा लागत नाही. ईश्वरदासचं बोलावणं कमी कमी होत गेलं, आणि त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जागेश्वर काविळीनं गेला. धाकटा आधी गेला, थोरला मागं राहिला.

तेरवी झाल्यावर त्याचा मुलगा रवींद्र माझ्याकडे आला. बँकेत नोकरीला होता तो. "मोठे बाबा जेवून नाही राहिले," म्हणाला. "चहा-पाणी, बस. आमचं कोनाचंच ऐकत नाही. तुमी चाला."

मारोतराव ओट्यावरच होते. मी शेजारी बसलो. काय बोलावं सुचेना, आणि सुचेना तेव्हा माणूस मूर्खासारखं बोलतो. "दादा, माझ्या दोन-तीन काठ्यांचे बांध ढिले झालेत," मी म्हणालो. "आणून देऊ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माहे बांध ढिले नाही होत, साहेब," ते म्हणाले. "तुमी बी आता त्याच्यासारखंच करून राहिले काय?"

"कुणासारखं?"

"जागूसारखं. त्या दिवशी मैदानावर जो बांध सुटला, तो त्यानं मुद्दाम तसा बांधला होता. कोष्ट्याचं पोरगं होतं ते. झोपेत बी त्याच्या हातून वेढ्यावर वेढा नसता पडला."

आधी राग आला. ते डोकं ईश्वरदासला लागलं असतं, मला लागलं असतं. मग मी त्याला मैदानावर काय काय बोललो ते आठवलं, आणि तो गप्प का उभा राहिला तेही कळलं. इतक्या महिन्यांचं काम, दुकानदाराचा भरवसा, धोटेवाला म्हणून असलेलं नाव, सगळं त्यानं एका ढिल्या धाग्यावर टांगलं होतं. भावानं दोन घास खावेत म्हणून. माझे डोळे भरून आले.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"धागा हाती घेतला तवाच."

"मग बोलला नाहीत कधी?"

"मले भूक लागली होती, साहेब," ते म्हणाले. "लय दिवसाची. अन् तो चार लोकायत आपलं नाक कापून घेऊन आला होता माह्यासाठी. त्याले रिकामा कसा धाडू?"

दाराशी बांगड्या वाजल्या. अनुसया ताट घेऊन उभी होती. थोरल्या दिरासमोर बायकांनी थेट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत, आणि तिनं ती सारा संसार पाळली होती. डोक्यावरचा पदर सावरत ती पुढं आली, ताट त्यांच्यासमोर ठेवलं.

"काम काईच नाही," ती म्हणाली. "तरी जेवा."

मारोतरावांनी ताट जवळ ओढलं.