रंगवलेला हिरवा

दैवशाला मूळची आष्टीची. संगणकाची पदविका घेऊन ती जालन्यात आली आणि जुन्या जालन्यात एका कापड दुकानाच्या माडीवर टायपिंगचं काम करू लागली. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर मोबाईलवर उघडला की नुसता कचरा दिसायचा. तो सरळ करून देणारा एक प्रोग्राम तिने स्वतः लिहिला. नाव ठेवलं 'सरळलिपी'. फुकट, आणि आतला कोडही सगळ्यांना खुला. कुणीही घ्यावा, कुणीही सुधारावा.

सुधारायला आला तो प्रितम. टेंभुर्णीचा, इंजिनिअरिंग झालेला, नोकरी शोधणारा. काम चटपटीत करायचा. एके दिवशी त्याचा फोन आला.

"ताई, आपलं रीडमीचं पान लई उघडं दिसून राह्यलंय. वर बॅज लावू."

रीडमी म्हणजे प्रोग्रामचं पहिलं पान, आणि बॅज म्हणजे त्याच्या डोक्यावरच्या छोट्या रंगीत पट्ट्या. काम किती चोख आहे ते एका नजरेत सांगणाऱ्या.

"लाव, पण मोजकेच," ती म्हणाली. "परवाना, आवृत्ती, अन् चाचण्या पास का नापास. बस."

प्रितमने तेवढ्यावर न थांबता ओळच्या ओळ लावली. 'जगभर वापर', 'दर्जा उत्तम', 'शंभर टक्के तपासलेलं', 'मनापासून बनवलेलं'. बँडवाल्याच्या कोटावर पदकं असावीत तसं पान चकाकायला लागलं. दैवशालाला ते मुळीच रुचलं नाही. पण पोरगा हौसेने करतोय, म्हणून तिने ते राहू दिलं.

आणि एका दुपारी अजमतभाई जिना चढून आले. खालच्याच गल्लीत त्यांचा छापखाना. गिऱ्हाइकांचा जुना मजकूर ते सरळलिपीतूनच सरळ करून घ्यायचे. त्यांनी लग्नपत्रिकांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. नवरीचं नाव कीर्ती. पत्रिकेत छापलं होतं 'कीतीर्'.

"पोरीच्या बापानं तोंडावर फेकल्या," अजमतभाई म्हणाले. "माझी नजर उर्दूवर बसलेली, मराठी मी अडखळत वाचतो. पण तुमच्या पानावर हिरवी पट्टी होती ना, चाचण्या पास म्हणून? मंग मी बिलकुल बघितलंच न्हाई."

दैवशालाने प्रोग्रामच्या चाचण्या, म्हणजे नमुन्याचे शब्द बरोबर उतरतात का ते पाहणाऱ्या तपासण्या, चालवून पाहिल्या. रफाराची प्रत्येक चाचणी नापास. मग पट्टी हिरवी कशी? तिने पट्टीचा पत्ता उघडला. ती चाचण्यांना जोडलेलीच नव्हती. एका साइटवर हवे ते शब्द टाकायचे, हवा तो रंग निवडायचा, पट्टी तयार. प्रितमने 'पास' टाकलं होतं आणि हिरवा निवडला होता. तिने बाकीच्या पट्ट्या उघडल्या. परवान्याची सोडली तर त्याही तशाच, हाताने रंगवलेल्या.

तिला शिसारी आली. तिने प्रितमला फोन लावला.

"चाचण्या नापास होत्या, तुला माहीत होतं?"

"होतं ताई. रफाराचं मीच बदलल्तं, तवापासून बिघडलं. पण इंटरव्ह्यू होता. साहेबांनी पान उघडलं अन् वर लाल दिसलं तर?"

"मंग दुरुस्त करायचं होतं."

"करणारच होतो. अन् ताई, सगळेच असं करून राह्यलेत. कोण बघतंय मागं जाऊन?"

त्याच्या आवाजात लाज नव्हती, हे तिला सगळ्यात घाण वाटलं. "अजमतभाईंनी बघितलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्याच बैठकीत तिने सगळ्या पट्ट्या काढल्या. परवान्याची ठेवली, कारण ती खरी होती. चाचण्यांची नव्याने लावली, या वेळी खऱ्या निकालाला जोडून. लगेच पानाच्या डोक्यावर लालभडक 'नापास' उमटलं. खाली तिने लिहिलं: रफार बिघडला आहे, ही आवृत्ती छपाईला वापरू नका.

प्रितमचा मेसेज आला. "लाल ठेवून कोण येईल, ताई?"

तिने फोन बाजूला ठेवला आणि रफाराचा कोड उघडला.

त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्याने कोडची नक्कल घेऊन वेगळं पान थाटलं, वर तीच हिरवी ओळ. लोक तिकडे वळले. 'भारी काम, दादा' असे अभिप्राय पडू लागले. दैवशालाने ते एकदाच वाचले आणि पान बंद केलं.

रफार दुरुस्त करायला तिला दिवाळी उजाडली. पट्टी हिरवी झाली तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता. पण तो रंगच तिच्या मनातून उतरला होता. ती जिना उतरून छापखान्यात गेली आणि म्हणाली, "अजमतभाई, आता बराबर चालतंय. खरंच तपासलंय."

त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. मग चष्मा पुसत म्हणाले, "तुम्ही म्हणता तर असंल, बेटा. पण आता मी एकेक अक्षर बोट ठेवून वाचतो."

तिला वाईट वाटलं. चहा येईपर्यंत ती त्यांच्या शेजारी बसली आणि ताज्या छपाईतला कागद त्यांच्यासोबत वाचू लागली.