वर्नाला तिसऱ्यांदा कोण विचारणार?

कुणी एकदा विचारलं आणि वर्ना होगसेटने लगेच काही घेतलं, असं एल्मस्टॅड गावात कधी झालेलं नाही. मिनेसोटातल्या त्या गारठ्यात पद्धतच तशी. पहिल्यांदा विचारलं की "नको", दुसऱ्यांदा "नको, खरंच", आणि तिसऱ्यांदा "एवढं म्हणताय तर". दुसरा नियम याहून कडक: शेवटचा तुकडा कुणी उचलायचा नाही. अर्धा करावा, अर्ध्याचा पाव करावा, पण ताट रिकामं करण्याचा निलाजरेपणा करू नये. चर्चच्या तळघरात जेवणावळ उठली की ताटलीत नखाएवढा केक उरतो आणि धडधाकट माणसं त्याच्याकडे बघत कॉफी पितात.

वर्नाच्या रूबार्बच्या वड्या म्हणजे गावाची शान. खाली लोण्याचा खुसखुशीत थर, वर त्या आंबट लाल देठांचा गोड लगदा. तिचा नवरा अर्विड जन्मभर त्या खाऊन "वाईट नाही" एवढंच म्हणाला, आणि त्या गावात याहून मोठी स्तुती नाही. डब्यातली शेवटची वडी मात्र तो वर्नासाठी ठेवायचा आणि वर्ना त्याच्यासाठी. वडीचा दगड झाला की पाखरांची चंगळ. अर्विड गेला, तरी शेवटची वडी पाखरांकडेच जात राहिली.

जुन्या डेअरीत बिअर बनवणाऱ्या ट्रॅव्हिसने यंदा वर्नाकडून परातभर वड्या नेल्या, पिंपात ढकलल्या आणि काळीकुट्ट, दाट स्टाउट बनवली. फळ्यावर खडूने नाव लिहिलं, 'वर्नाची वडी'. तेव्हापासून वर्नाला एकच ध्यास लागला होता. त्या काळ्या पाण्यात आपली वडी लागते का, ते तिला स्वतःच्या जिभेने पाहायचं होतं. अर्थात हे ती कुणाला बोलली नाही.

शनिवारी दुपारी सगळं गाव चव घ्यायला जमलं.

"मॅडम, पहिला ग्लास तुमचा," ट्रॅव्हिस म्हणाला.

"छे, नको. आधी बाकीच्यांना दे."

"बरं," म्हणून त्याने खरंच बाकीच्यांना दिला. टेक्ससचा माणूस तो, तिकडे नको म्हणजे नकोच. थोड्या वेळाने पुन्हा आला. "आता तरी?"

"नको रे, खरंच."

"जशी मर्जी," म्हणाला आणि गेला.

वर्ना रिकाम्या हाताने शेजारणीकडे वळली. "आर्डिस, कशी लागते गं?"

"तूच पिऊन बघ ना."

"मला कुठे कुणी विचारलंय."

"दोनदा विचारलं की त्याने!"

"दोनदाच," वर्ना म्हणाली.

तिसऱ्यांदा विचार, असं ट्रॅव्हिसला सांगणं म्हणजे वर्नाची हाव चव्हाट्यावर मांडणं. आर्डिस बिचारी मान खाली घालून पीत राहिली.

तेवढ्यात पिंप संपलं. टेबलावर एकच भरला ग्लास उरला आणि सगळ्या दालनात अवघडलेपण पसरलं. पाद्रीबुवांनी त्यातली अर्धी आपल्या छोट्या पेल्यात ओतली आणि ग्लास पुढे सरकवला. पुढच्याने उरलेल्याची अर्धी घेतली, त्याच्या पुढच्याने त्याची अर्धी. घोट संपले, थेंब सुरू झाले. थेंबाची वाटणी करताना दोन शेतकऱ्यांनी चष्मे लावले. ग्लास वर्नासमोर आला तेव्हा तळाशी तपकिरी डाग होता, आणि तोही तिला अर्धाच घेता येणार होता.

ट्रॅव्हिस टेबल पुसत आला. "मॅडम, एवढंसंच राहिलंय. संपवून टाका ना."

आर्डिसने डोळे मिटले.

"एवढं म्हणतोस तर," वर्ना म्हणाली. तिने मान मागे टाकली, ग्लास उलटा केला, तळावर दोनदा टिचकी मारली आणि तो थेंब जिभेवर बराच वेळ धरला. आंबट देठ आधी लागले, मग लोणी.

"वाईट नाही," ती म्हणाली, आणि तिला अर्विडची इतकी आठवण आली की रुमाल काढावा लागला.

घरी येऊन तिने डबा उघडला. एक वडी होती.

"घे गं, वर्ना," ती मोठ्याने म्हणाली.

"नको."

"घे ना."

"नको, खरंच."

खिडकीबाहेर पाखरं वाट बघत होती.

"घे म्हणते ना," वर्ना म्हणाली, आणि खुर्ची ओढून खायला बसली.