सासऱ्यांनी खुरपलेला वाफा

सासूबाई गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी सासरे टेंभुर्णीहून जालन्याला आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणते. जमीन बटईनं दिलेली, त्यामुळे हाताला काम उरलं नव्हतं. आम्ही दोघं नोकरीला गेलो की मामा ओट्यावर एकटेच रस्त्याकडे बघत बसायचे.

घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा आहे. तिथे मी गुलाब-मोगरा कधी लावला नाही. बांधावरून, माळावरून आणलेलं बी टाकलं होतं. कुर्डू, आघाडा, तेरडा आणि कोपऱ्यात कळलावीचा वेल. त्या श्रावणात सगळं कमरेएवढं वाढलं. कुर्डूला गुलाबी तुरे आले, कळलावीनं पहिल्यांदाच कळ्या धरल्या.

एका संध्याकाळी ऑफिसातून आले तर मागची माती काळीभोर, मोकळी. भिंतीशी उपटलेल्या झाडांचा ढीग. मामा नळापाशी बसून खुरपं धूत होते. बनियन घामानं भिजलेलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा चेहरा उजळलेला.

"सकाळपासून काढून राह्यलो," ते म्हणाले. "किती तण माजलं व्हतं, बाई. तुमाला दोघांना टाइम न्हाई. आता बघ, बराबर झालं."

मी 'हो' म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. राग आला होता, पण त्या चेहऱ्याकडे बघून बोलवेना. जेवताना नवऱ्यानंच त्यांना सांगितलं. मामांचा हात ताटात थांबला.

"मुद्दाम लावलं व्हतं?" त्यांनी मला विचारलं. "कुर्डू?"

"हो, मामा."

"जल्मभर तेच उपटत आलो आम्ही," ते हळूच म्हणाले. "खुरपताना एका पातीला तुझी सासू, शेजारच्या पातीला मी."

माझा राग तिथेच गेला.

दुसऱ्या दिवशी ते ढिगात काहीतरी शोधत बसलेले दिसले. "कुर्डू तर मेलं," म्हणाले, "पण कळलावीचा कांदा खालीच राह्यलाय. येईल ती. तिथं पाणी घालू नको, सडंल."

दिवाळीनंतर ते शेत बघायला गावी गेले. येताना रुमालात कुर्डूचं बारीक काळं बी बांधून आणलं. उन्हाळ्यात मी बादली घेऊन कोपऱ्याकडे वळले की ओट्यावरून "न्हाई, न्हाई" ऐकू यायचं. आषाढात वेल वर आला तेव्हा त्यांनी तुराट्या रोवून त्याला आधार केला. आता कुठलंही रोप काढण्याआधी मला विचारतात, "ठेवायचं का काढायचं?" गाजरगवत तेवढं न विचारता उपटतात.

परवा गावाकडचे त्यांचे एक जुने सोबती डोळे तपासायला जालन्याला आले होते. मी चहा ठेवत होते. खिडकीतून दिसलं, ते सोबती मागे वाफ्यापाशी उभे राहून हसत होते.

"घरात कुर्डू? येडा झालास का?" म्हणत ते उपटायला वाकले.

मामांनी त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. आमच्या सूनबाईनं लावलंय."

मंडळी मग तिथेच उकिडवी बसली आणि कुणाच्या शेतात यंदा किती तण आहे ते बोलत राहिली. चहा मला मागेच न्यावा लागला.