मॅडम कोर्ट में है

किस्से जमवावे लागत नाहीत हो, ते आपोआप साठतात. डीप फ्रीजरमध्ये बर्फ धरतो ना, तसे. मी फ्रीजरचाच माणूस, मस्कतला दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर, म्हणून अनुभवाने सांगतो. बर्फ वेळच्या वेळी काढला नाही तर दार लागत नाही. आज थोडा काढतो.

तेव्हा आम्ही दार्सैतला एका फ्लॅटमध्ये तिघे होतो. तात्या परब, कुडाळकडचे, माझ्याच कंपनीत फोरमन. डॉमनिक, वसईचा, हॉटेलात रिसेप्शनला. आणि मी. माझी बायको वृषाली अमेरिकेत, एका विद्यापीठाच्या लॅबमध्ये संशोधन करायची. लोक विचारायचे, "हे कसलं लग्न रे?" मी म्हणायचो, "इंटरनॅशनल!" हशा व्हायचा. मग जो तो आपल्या कामाला लागायचा आणि मी फोनकडे बघत बसायचो.

* * *

वृषाली नेमकं करते काय, हे पहिल्यांदा नीट विचारलं ते तात्यांनी. फोन स्पीकरवर होता.

ती म्हणाली, "तात्या, टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात काही गर्भ उरतात. चार-पाच दिवसांचे, टाचणीच्या टोकापेक्षा लहान. आईवडलांनी सही करून दिले तर त्यातून मूळ पेशी काढतात, स्टेम सेल. त्यांच्यापासून शरीरातली कुठलीही पेशी बनवता येते. उद्या त्यातून डायबेटिसवर इलाज निघेल. त्या पेशी मी वाढवते."

तात्यांनी विचार केला. "आणि त्येंका खावक कोण घालता?"

"मीच! रोज घालावं लागतं, शनिवार-रविवारसुद्धा. चुकलं की बिघडतात."

तात्या माझ्याकडे वळले. "मग ही सुट्टी घेऊन येतली कशी रे? घरात ढोरां असली की असाच होता!"

वृषाली तर त्यांना पोरंच म्हणायची. "थांब हं, पोरांना खायला घालून येते," म्हणून फोन ठेवायची. आम्हाला मूल नव्हतं. तिची सरकारी ग्रँट पक्की झाली की बघू, असं ठरलेलं होतं. ती ग्रँट तीन वर्षं पक्की होत होती.

* * *

रमजान चालू होता, ऑफिस दुपारीच सुटायचं. एक दिवस वृषालीचा अवेळी फोन आला. ती रडत होती.

"जज्जाने थांबवलं रे सगळं! म्हणतो, ज्या संशोधनासाठी गर्भ नष्ट होतात त्याला सरकारी पैसा देताच येत नाही, तसा कायदाच आहे. माझ्या ग्रँटचं रिन्यूअल पुढच्याच महिन्यात होतं. आता काय करू? तिकडे येऊ का मी?"

"फार वाईट झालं गं," मी म्हटलं. फोन ठेवला आणि खोलीचं दार लावून नाचलो! लाज वाटते सांगायला, पण नाचलो. बायकोची सहा वर्षांची मेहनत पाण्यात, आणि नवरा बनियनवर नाचतोय.

* * *

डॉमनिकची मात्र पंचाईत झाली. गर्भ मोडायचा म्हणजे त्याच्या चर्चच्या हिशेबी पाप. "जज्ज बरोबर बोलला," तो म्हणाला, "पण वहिनीची नोकरी जाते ना यार."

शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, तो चर्चला जाऊन आला. मी विचारलं, "काय मागितलंस?"

"दोन मेणबत्त्या लावल्या. एक ते संशोधन बंद पडावं म्हणून, एक वहिनीची नोकरी टिकावी म्हणून."

"अरे, दोन्ही कसं होईल?"

"ते त्याने बघायचं! मी का डोकं लावू?"

मीही त्याच दिवशी कृष्णमंदिरात गेलो होतो. मी एकच नारळ ठेवला. काय मागितलं ते डॉमनिकला सांगितलं नाही, तुम्हाला कळलंच असेल.

* * *

मग मी शहाणपणा केला. ती येणार म्हणून अल हैलला, समुद्राजवळ फ्लॅट घेतला. इमारत फक्त फॅमिलीवाल्यांसाठी. घरमालक अबू खालिद, म्हातारे ओमानी गृहस्थ, मुंबईत व्यापार करून आलेले, हिंदी झकास. त्यांना म्हटलं, "मॅडम आ रही है." त्यांनी हात छातीवर ठेवला आणि किल्ली दिली. मी पडदे आणले, दुसरी उशी आणली, मिसळणाचा डबासुद्धा आणला.

ईदच्या आदल्या दिवशी वृषालीचा फोन. आवाजच वेगळा! "अरे, वरच्या कोर्टाने स्टे दिला! पैसा परत चालू! मी येत नाही!"

शेवटचे तीन शब्द तिने त्याच आनंदात म्हटले. तिचाही इलाज नव्हता.

तात्यांकडे गेलो तर दार्सैतच्या माझ्या खाटेवर नवा माणूस झोपलेला. तात्या कपाळाला हात लावून म्हणाले, "खालच्या कोर्टाच्या निकालार कोण बिऱ्हाड मांडता रे? आमची बांधाची केस आज्यापासून चालू आसा, अजून कोणी चुलीवरचो टोप हलवूक नाय!"

* * *

महिनाभराने अबू खालिदनी विचारलं, "मॅडम कब आयेगी?"

आता त्यांना अमेरिका, ग्रँट, पेशी कुठे समजावत बसू? म्हटलं, "मॅडम कोर्ट में है. फैसला बाकी है."

झालं! आठवड्यात सगळ्या इमारतीला कळलं की याच्या बायकोने याच्यावर केस टाकलीय. समोरच्या हैदराबादी बाई बिर्याणी पाठवायला लागल्या आणि बिर्याणीबरोबर सल्लाही. "भाईसाब, गलती किसी की भी हो, आप झुक जाइए!" वॉचमन लिफ्टचं दार धरून उभा राहायचा. मी खरं सांगितलं नाही. बिर्याणी चांगली असायची, आणि त्याहून खरं म्हणजे रोज कोणीतरी विचारत होतं. विचारणारं माणूस असलं की बरं वाटतं हो.

* * *

एका रविवारी दुपारी मी मस्कतबाहेर इब्र्याला, एका सुपरमार्केटच्या फ्रीजरमध्ये डोकं घालून बसलो होतो. वृषालीचा फोन. तिच्याकडे सकाळ.

"फ्रीजरचा अलार्म वाजतोय! उणे ऐंशीचा उणे साठवर आलाय! मेकॅनिक उद्या येणार म्हणतात. माझी सगळी नवी पोरं आहेत आत!"

मी गोठलेल्या कोंबड्यांच्या मधोमध उभा. एक शब्द बोललो नसतो तरी चाललं असतं. "लाइन नीट येत नाही," म्हटलं असतं आणि ठेवलं असतं. पोरं गेली की ती इकडे आली असती. अगदी क्षणभर तसं मनात आलंही, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

"दार उघडू नकोस," मी म्हटलं. "खालची जाळी काढ. मागे फिल्टर आहे, धुळीने गच्च असेल. तो काढून ब्रशने झाड."

तासाभराने मेसेज आला: उणे सत्तर, आणि उतरतोय. खाली लिहिलं होतं, 'पोरांनी बाबाला थँक्यू सांगितलंय.'

दुकानदार म्हणाला, "यल्ला भाई, मेरा फ्रीजर?" मी म्हटलं, "दो मिनिट," आणि कोंबड्यांकडे तोंड करून उभा राहिलो.

* * *

कोर्ट पुढे दोन-अडीच वर्षं हो-नाही करत राहिलं. दर निकालाला वृषाली फोन करायची आणि दर वेळी मी "छान झालं" म्हणायचो. शेवटी सर्वांत वरच्या कोर्टाने केस ऐकायलाच नकार दिला. पैसा कायमचा चालू. तिला तिथेच पक्की नोकरी मिळाली. "आता तूच ये ना इकडे," ती म्हणाली, पण तिने ते फक्त एकदाच म्हटलं.

मी किल्ली परत द्यायला खाली गेलो. थंडीचे दिवस, अबू खालिद दारात कावा, म्हणजे ओमानी कॉफी, पीत बसले होते. त्यांनी माझ्यासाठीही एक पेला भरला.

"कोर्ट खलास?"

"खलास."

"कौन जीता?"

"मॅडम."

त्यांनी आपला पेला खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "और बच्चे? बच्चे किसके पास?"

मी पेल्यातला कावा संपवला.

"मॅडम के पास," मी म्हटलं. "रोज खाना खिलाती है. छुट्टी के दिन भी."

"अच्छी माँ है," ते म्हणाले.

मी किल्ली पुढे केली. त्यांनी माझी मूठ आपल्या हातांनी मिटवली.

"रखो. छुट्टी में बच्चे आयेंगे, तो बाप का घर तो चाहिए ना?"

मी अजून त्याच फ्लॅटमध्ये राहतो.