जांभळं बोट आणि जपानी पडदा

कलेतलं मला कळतं, असा आमच्या घरात एकट्या माझाच समज होता.

त्या समजापोटी इथे इंग्लंडात, मेडनहेडजवळच्या एका लिलावातून मी जुना जपानी घडीचा पडदा आणला. सहा फळ्या, त्यांवर जांभळी आयरिसची फुलं. (लिलाववाला ‘जपानी शैलीचा’ म्हणाला होता. मी ‘जपानी’पाशीच ऐकायचा थांबलो!)

“कपडे बदलायला आडोसा आणलास का?” बायकोनं, मंजिरीनं, विचारलं.

“अगं, अँटिक आहे!”

नागपूरहून आलेले माझे सासरे, नाना, चष्मा लावून जवळ गेले. “जावईबापू, हे चौथ्या फळीवरचं फूल पार विटलं ना जी.”

“नाना, त्याला काळाची झळाळी म्हणतात!”

नाना गप्प बसले. (शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवलेला माणूस गप्प बसला की सावध व्हावं, हे मला कुठे ठाऊक!)

रविवारी मी इथल्या मराठी मंडळातली तीन कुटुंबं जेवायला बोलावली. शिवाय शेजारच्या मार्गारेटबाई; जुन्या चित्रांची डागडुजी करण्यात त्यांची हयात गेलेली. श्रीखंड-पुरी हे निमित्त, खरा बेत माझ्या भाषणाचा!

“आता हे फूल बघा,” मी चौथ्या फळीपाशी थांबलो. “पाकळीचा हा बाक! हा जिवंतपणा! असा हात फक्त जपानी उस्तादाचा. आपल्याकडे कुणाला जमणार आहे?” आणि मी त्या पाकळीवरून अलगद बोट फिरवलं.

“अहो, हात नका लावू!” मागून नाना ओरडले. “ओलं आहे अजून! सकाळीच रंगवलं मी!”

माझं बोट जांभळं. मंजिरीनं तोंडात पदर कोंबला.

“नाना, दोनशे वर्षांची कलाकृती होती हो ती!” मी रडवेला झालो.

मार्गारेटबाईंनी पर्समधून भिंग काढलं, सहाही फळ्या निरखल्या आणि अतिशय सभ्यपणे निकाल दिला, “बाकी सगळी फुलं छापील आहेत. हाताने काढलेलं हे एकच. कुणी काढलं?”

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना चक्क लाजले!

तेव्हापासून दर शनिवारी आमच्या हॉलमध्ये नानांचा वर्ग भरतो. मार्गारेटबाई आणि त्यांच्या चार मैत्रिणी फुलं काढतात, मी चहा देतो आणि ब्रश धुतो. परवा धीर करून म्हटलं, “नाना, मलाही शिकवा की.”

“शिकवतो ना जी,” नाना प्रेमानं म्हणाले. “काढायचं नंतर पाहू. तुम्ही आधी बघायला शिका!”