त्या सकाळी मी गप्प होतो

आमच्या नातेवाइकांत त्या सकाळची हकीकत दोन प्रकारे सांगितली जाते. पत्नी सांगते की मी नातीला डोळ्यांनी खुणावले. मुलगा सांगतो की शेततळ्याला पाण्याची मोटार लावण्याची कल्पना त्याचीच. दोन्ही साफ खोटे. पत्नी तर तेव्हा तळ्यावर नव्हतीच.

माझी सारी नोकरी मत्स्यव्यवसाय खात्यात गेली. नातीनेही मत्स्यविज्ञानच शिकायचे ठरवले, तेव्हा मुलाने मला तीर्थपुरीच्या बाजारात, भर गर्दीत बजावले, "बाबा, जालन्यात समुद्र न्हाई. पोरगी फार्मसी करील, तिथंच मस्तगडात औषधाचं दुकान टाकील. तुमी मधी बिलकुल बोलायचं न्हाई." मी शब्द दिला. मी शब्द पाळत नाही, असे ज्याला वाटत असेल त्याने समोर येऊन सांगावे.

पुढे काही दिवस आभाळ भरून राहिले. ऊन नाही, वारा नाही. एका सकाळी आमच्या शेततळ्यातले मासे पाण्यावर तोंडे काढून उघडझाप करू लागले. आमचे पूर्वज मेंढरे राखणारे. उघडे तोंड दिसले की खायला घालावे, हे आमच्या रक्तातच आहे. मुलाने पेंडीचे घमेले उचलले.

"भुकेजले बिचारे."

मी बांधावर उभा होतो आणि मला सर्व कळत होते. जिभेवर आलेले वाक्य गिळणे मला किती जड जाते, हे माझ्या एकेकाळच्या वरिष्ठांना विचारावे. तरी मी गप्प राहिलो.

"पप्पा, टाकू नका," नात म्हणाली. "भूक न्हाई ती, दम कोंडलाय त्यांचा. ऊन नसलं की पाण्यातला प्राणवायू घटतो. पेंड सडली तर आणखी घटंल. मोटार लावा जल्दी."

ठिबक सिंचनाची मोटार तळ्यावरच होती. नातीने पाइप खांद्यावर उंच धरला आणि तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे परत तळ्यात कोसळू लागले. दुपारपर्यंत मासे खाली गेले.

"हे तुमी शिकवलं तिला?" मुलाने विचारले.

"मी बोललो का?"

"बोलले न्हाई, त्याचंच तर भ्या वाटू राह्यलं."

ती माझी जुनी पुस्तके वाचत असे, हे खरे. पण मी शब्द न बोलण्याचा दिला होता. पुस्तके कुलपात ठेवण्याचा नव्हे.

संध्याकाळी जेवताना मुलगा बराच वेळ भाकरी कुस्करत बसला. मग ताटाकडे पाहतच म्हणाला, "हिला तिकडं शिकायला धाडलं, तर मंग तळ्याकडं कोण पाहील?"

होकार द्यायची ही त्याची रीत मला ठाऊक आहे. मी दिलेल्या शब्दातून मोकळा झालो. "मी पाहीन," असे म्हणून तळ्यावर रोज काय काय पाहावे लागते, ते मी पहिल्यापासून सांगायला घेतले. मुलगा ताट उचलून ओट्यावर जाऊन बसला. नात तेवढ्यात बॅग शोधायला उठली होती.