अर्धी जागा खाणारा डबा

कुरुंद्यात लग्न कुणाचंही असो, कॅमेरा विश्वंभरचाच आणि भांडणही त्याचंच. नवरदेव हसला तर “दात झाक”, नाही हसला तर “सुतक पडलं का?” बावीस वर्षांत गावातलं एक लग्न त्याच्या हातून सुटलं नाही, आणि एकही माणूस त्याच्याशी सरळ बोलला नाही. तरी घरातलं म्हातारं गेलं की तेरवीच्या बॅनरसाठी लोक त्याच्याच दारात. नीट केस विंचरलेला शेवटचा चेहरा कुठल्या तरी लग्नातच सापडायचा ना!

ती सगळी लग्नं सात हार्डडिस्कांत होती. त्यातली एक टकटक वाजायला लागली, तेव्हा पोरगी निलम मागंच लागली, की सगळं एका जागी ठेवणारा दोन डिस्कांचा डबा आणा. करवादत तो हिंगोलीला नासेरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेला.

नासेरनं चार-चार टीबीच्या दोन डिस्का डब्यात बसवून दाखवल्या आणि सांगितलं, जागा चारच मिळंल.

घरची हळद मोंढ्यात विकता विकता विश्वंभरचा अर्धा जन्म गेलेला. पोत्यामागं किलो-दोन किलो कडता कापणाऱ्या अडत्यांशी भांडून भांडून त्याचा आवाज बसला होता. तोच बसका आवाज आता चढला. “कडता किलोनं ऐकला होता. तू तर अर्धं पोतं खाऊन राहिला.”

“खात न्हाई काका. दोन्हीवर तोच माल राहतो. एक मेली तर दुसरी जित्ती.”

“मंग न मरणारी एकच दे.”

“तसली असती तर मीच ठेवली असती,” म्हणत नासेरनं डबा बांधून दिला.

घरी येताच विश्वंभरनं सेटिंग उघडून दोन्ही डिस्का एकात जोडल्या. एक गेली तर सगळंच जाईल, अशी लाल अक्षरं पडद्यावर आली. निलमनं ती मोठ्यानं वाचली. तो म्हणाला, ही बी त्या नासेरचीच अक्षरं असतील. पूर्ण आठ टीबी दिसल्यावर त्यानं सगळी लग्नं डब्यात उतरवली, सातही डिस्का पुसल्या आणि नव्या सीझनच्या लग्नांना लावल्या.

पौषात डब्याचा दिवा लाल झाला. एक डिस्क गेली होती. विश्वंभर भांडायच्या तयारीनंच हिंगोलीला गेला; डबाच खोटा, दुकानच खोटं. नासेरनं सगळं ऐकून घेतलं आणि पडदा त्याच्याकडं फिरवला.

“प्रत्येक लग्न दोघींत वाटून ठेवलं तुमी. आता अर्ध्या लग्नाचं मी काय करू?”

त्याच आठवड्यात गावातले उत्तमराव गेले. त्यांचा पोरगा वैजनाथ दारात उभा राहिला. तेरवीच्या बॅनरला बहिणीच्या लग्नातला, बापाचा फेटा बांधलेला फोटो पाहिजे म्हणाला. विश्वंभरचा आवाज पहिल्यांदा खाली आला.

“तुमाला सीडी दिली होती ना?”

“दिली होती. तुमच्यापाशी हायच म्हणून आमी ती ज्वारीत टांगली. पाखरं हाकायला.”

विश्वंभर तसाच वैजनाथसोबत त्यांच्या शेतात गेला. सुतळीला लटकलेली सीडी एका अंगानं उन्हानं सोलली होती. त्यानं ती सोडवली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतली.

बांधावरून वैजनाथ म्हणाला, “घासू नका. बाप तेवढाच राहिलाय.”